समोरची खुर्ची

९ फेब्रुवारी १९९५, गुरुवार

आज मी एकटी अंबरनाथला गेले आणि एकटी परत आले. लिहायला ही एवढीशी गोष्ट आहे, पण लग्न होऊन बदलापूरला आल्यापासून घड्याळाकडे न बघता मी इतका वेळ बाहेर राहिले नव्हते. येताना उसाचा रस प्यायले. रसवाल्याने आले घालू का विचारले, तर मी "घाला, भरपूर घाला" म्हणाले आणि माझाच आवाज मला मोठा वाटला.

ही वही आजच घेतली. मालिनीताईंनी सांगितले, रोज जमले नाही तरी चालेल, पण मनात येईल ते लिहा, शुद्धलेखन बघू नका. मी म्हटले, मी डी.एड. झालेली आहे, शुद्धलेखन बघितल्याशिवाय मला लिहिताच येत नाही. त्या हसल्या.

मालिनीताई समुपदेशक आहेत. मला त्यांच्याकडे आमच्या डॉक्टरांनी पाठवले. सासूबाई गेल्यापासून माझे कामात लक्ष लागत नाही, जेवण जात नाही, हे मी त्यांना सांगितले होते. ते म्हणाले, तुम्हाला गोळ्यांची नाही, बोलायची गरज आहे. मी म्हटले, मी फारशी बोलत नाही. ते म्हणाले, म्हणूनच.

केंद्र एका ट्रस्टच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. खाली शिवणवर्ग चालतो, त्या मशिनींचा आवाज वर येत असतो. खोलीत एक टेबल आणि तीन वेताच्या खुर्च्या. तिसरी कोणासाठी, ते मी विचारले नाही.

सुरू करण्याआधी ताईंनी पुढे काय काय होईल ते सगळे समजावून सांगितले. दर गुरुवारी अकरा वाजता यायचे, याच खोलीत. इथे बोललेले त्या घरी कोणाला सांगणार नाहीत. "असं करा, तसं करा" असा सल्ला देणार नाहीत. सुरुवातीला हलके वाटेल, मध्येच कधी आधीपेक्षा जास्त त्रास होईल, तो होतोच, घाबरायचे नाही. आणि एक दिवस असा येईल की इथे पाऊल टाकू नये असे वाटेल. "त्या दिवशी मात्र नक्की या," त्या म्हणाल्या. "तोच दिवस महत्त्वाचा असतो."

मला हे आवडले. कोणी मला आधी सांगून मग काही सुरू केले असे फारसे झालेले नाही.

आणि एक तारखेपासून नोकरी! उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्यात लिखापढीचे काम. माझी वर्गमैत्रीण कुमुदिनी तिथे आहे, तिने शब्द टाकला. हे म्हणाले, कर, आता तशी तू मोकळीच आहेस.

१२ फेब्रुवारी, रविवार

ताईंनी घराबद्दल लिहून बघा म्हटले होते.

आमचे घर मांजर्लीत, तळमजल्यावर. दोन खोल्या. मागच्या दारातून नदीकडची झाडे दिसतात. बाहेरच्या खोलीत आत्याबाईंची लोखंडी खाट आहे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे, ह्यांच्या मुरबाडकडच्या गावात तशी पद्धत आहे. नाव रखमा. माझे लग्न होऊन दुसरे वर्ष होते, मला शाळेतून बोलावणे आले होते, त्याच महिन्यात त्या मोरीत घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. मी शाळेला कळवले की थोडे थांबा. ते थांबणे यंदाच्या पौषापर्यंत चालले.

आत्याबाईंच्या हातात एक पितळेची वाटी असे. काही हवे असले की ती खाटेच्या पट्टीवर आपटत. पाणी हवे तरी वाटी, कूस वळवायची तरी वाटी, आणि मी नुसती मागच्या दारात झाडे बघत उभी राहिले तरी वाटी. "सुनंदे, कुटं गेलीस गं? तुजं चित्त हाय कुटं?" त्या दुष्ट नव्हत्या. माझ्याशिवाय कोणाच्या हातचे पाणी घेत नसत. सगळे ह्याला माया म्हणत. मीही म्हणे.

वाटी अंथरुणाबरोबर नदीवर गेली. खाट तशीच आहे. वर्ष होऊ दे, मग काढू, असे ह्यांचे म्हणणे. तरी अजून भाजी ढवळताना मला वाटी ऐकू येते आणि मी डाव टाकून बाहेरच्या खोलीत जाते. तिथे कोणी नसते. मग मी परत येते.

दहाव्याला उल्हास नदीच्या घाटावर कावळा शिवेना. पिंड ठेवला, कावळे झाडावर बसून होते, एकही खाली उतरेना. आत्याबाईंचा जीव कशात अडकला आहे ते ओळखून कोणीतरी शब्द द्यायला हवा होता. हे म्हणाले, गावचे घर विकणार नाही. कावळा हलला नाही. नणंद विठावन्सं म्हणाल्या, आये, तुझ्या देवाचा नैवेद्य मी चालवीन. तरी नाही. ऊन चढले. माणसे चुळबुळ करू लागली. मग वन्संनी मला पुढे ढकलले, "वैनी, तूच बोल. तिचा जीव तुझ्यातच."

मी हात जोडले आणि म्हणाले, आत्याबाई, मी तुम्हाला कधी एकटं सोडणार नाही.

माझे वाक्य पुरे व्हायच्या आत कावळा पिंडावर होता.

सगळे सुटल्यासारखे उठले. कोणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

ताईंना कावळ्याचे सांगितले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, रीत खरी की खोटी ते मी बोलत नाही, पण चार लोकांत, उन्हात, ढकलून घेतलेला शब्द आपल्याला परत तपासता येतो.

मग त्यांनी ती तिसरी खुर्ची ओढून माझ्यासमोर ठेवली. ही त्यांची पद्धत आहे. गेलेले माणूस समोर बसले आहे असे समजायचे आणि जे बोलायचे राहिले ते बोलायचे. त्या म्हणाल्या, समजा, इथे आत्याबाई बसल्या आहेत.

मी ताडकन उभी राहिले.

ताई दचकल्या. काय झाले विचारू लागल्या. मला सांगायलाही लाज वाटली. आत्याबाईंसमोर मी खुर्चीवर कधी बसले नव्हते. खाली फरशीवर बसू का, असे मी विचारले. ताई म्हणाल्या, चालेल. मी खाली बसले तेव्हा बरे वाटले. बोलले मात्र काही नाही. ताई म्हणाल्या, काही हरकत नाही, आजचं एवढं पुरे.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

आज ताईंच्या आग्रहाने मी खुर्चीवर बसून बोलले. म्हटले, आत्याबाई, मला नोकरी लागली आहे. मला जायचे आहे. मी दिलेला शब्द परत घेते.

मग ताई म्हणाल्या, आता जागा बदलायची. तुम्ही त्यांच्या खुर्चीत बसा आणि त्यांनी काय उत्तर दिलं असतं ते त्यांच्यासारखं बोला. मला हसू आले. ताईही हसल्या. कॉलेजच्या गॅदरिंगमध्येसुद्धा मी पडद्यामागे होते, असे मी म्हटले. तरी बसले. वेत जरा खचलेला आहे त्या खुर्चीचा, माणूस आत बसतो.

मी म्हणाले, "माजी वाटी कुटं हाय? तांदळाच्या डब्यामागं पडलीया. ती दे आदी."

आवाज इतका हुबेहूब आला की आम्ही दोघी पुन्हा हसलो. खाली मशिनी थांबल्या होत्या.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

तांदळाच्या डब्यामागे वाटी आहे.

मी डबा सरकवला नव्हता. दिवाळीपासून सरकवलेला नाही, मागे कोळ्यांची जाळी होती. वाटी त्या जाळ्यांतच होती. अंथरुणाबरोबर नदीवर गेली असे मी धरून चालले होते, पण आवरताना वन्संनी इथे टाकली असेल. ताई म्हणतील, तुम्हाला ते मनात कुठेतरी माहीत होतं. असेल. मला तरी माहीत नव्हते.

१ मार्च, बुधवार

नोकरीचा पहिला दिवस. फार छान गेला.

कॅम्प तीनच्या बाजारात, एका बोळात, माडीवर कारखाना आहे. ईश्वरी आंटी मालकीण. गोऱ्या, ठेंगण्या, बोलणे खणखणीत. मला म्हणाल्या, "मराठी टीचर है ना तू? अक्षर दिखा." मी कागदावर चार आकडे आणि माझे नाव लिहिले. त्यांनी सगळ्या कारागिरांना कागद फिरवून दाखवला, "देखो, मोती! आणि तुम लोग कोंबडी का पाय लिखते हो."

प्रत्येक गठ्ठ्याला चिठ्ठी लावायची : कमरेचे माप, रंग, नग, कारागिराचे नाव. चिठ्ठी चुकली तर माल परत येतो. काम जपून करायचे आहे, ते मला आवडते. दुपारी आंटींनी सगळ्यांना दाल-पकवान खाऊ घातले. कुमुदिनी म्हणाली, ही रोज देत नाही हां, तुझ्या नावाने आज. संध्याकाळी हजेरीच्या रजिस्टरमध्ये सही केली. सौ. सुनंदा सुदाम. इतक्या वर्षांनी सही केली, तीही वळणदार आली.

आत्याबाई अंगठा उठवत. त्यांना अक्षरओळख नव्हती. मी एकदा शिकवायला बसले तर पाटी बाजूला सारून म्हणाल्या, तू हायेस की लिवायला.

२ मार्च, गुरुवार

आंटींनी गुरुवारी दुपारी यायची परवानगी दिली आहे, त्यामुळे सकाळी ताईंकडे गेले.

आज ताईंनी आत्याबाईंनाच विचारायचे ठरवले की तुम्हाला नक्की काय हवे आहे. मी त्यांच्या खुर्चीत बसले. उत्तर शोधावे लागले नाही. "मला हितं ठिवू नगंस. ह्या मशिनींचा आवाज माज्या डोक्यात जातो. घरला ने."

ताई म्हणाल्या, आता तुमच्या जागेवर या. यावर तुम्हाला काय म्हणायचं आहे? घाई करू नका, नाही म्हणायचं असेल तर—

त्यांचे बोलणे पुरे होण्याआधी मी म्हणाले, "हो, आत्याबाई."

ताईंनी विचारले, हो का म्हणालात? आत्याबाईंना मी दुसरे काही कधी म्हटलेच नव्हते. तोंडाला तोच शब्द माहीत आहे.

ताई म्हणाल्या, ठीक आहे, पुढच्या वेळी यावर बोलू. वेळ संपली होती.

उठताना माझा हात आपोआप पुढे गेला, म्हाताऱ्या माणसाच्या पाठीला देतात तसा. जिना मी एकेक पायरी थांबत उतरले. उल्हासनगरच्या रिक्षात कडेला बसले. रिक्षावाला ओरडला, "ओ ताई, सरका ना आत, सीट खाली आहे." मी सरकले नाही. तो म्हणाला, "दोन सीटचं भाडं देणार का मग?" बाजूचे हसले.

मी दिले.

७ मार्च, मंगळवार

आज हे जेवताना घास हातात धरून थांबले. म्हणाले, आईची भाकरी अशीच व्हायची. मी नेहमीसारखीच केली होती. मग बघितले तर मी परातीत थापलीच नव्हती, दोन्ही हातांवर थापली होती. मला हातावरची भाकरी येत नाही. कधी आली नाही. आत्याबाई त्यावरून मला हसत.

हे फार दिवसांनी पोटभर जेवले. आई गेल्यावर ते रडले नव्हते. आज डोळे पुसले आणि म्हणाले, उद्याही कर.

कामावर जायच्या वेळी खाटेजवळ ठेवलेली वाटी वाजली. भर सकाळी. माझी पर्स माझ्या हातात होती. मी परत गेले. खाट रिकामी. मी दार लावायला वळले, पुन्हा वाजली. हे असे चार-पाच वेळा झाल्यावर मी वाटी पर्समध्ये टाकून नेली.

त्यानंतर वाजली नाही.

९ मार्च, गुरुवार

आज काय बोलणे झाले ते मला लिहिता येणार नाही. मला आठवत नाही.

खोलीत गेले. ताई फोनवर बोलत होत्या, हाताने बसा म्हणाल्या. मी बसले. मग एकदम ताई म्हणत होत्या, वेळ झाली, आज फारच खोलवर काम झालं. मी खाली बघितले. मी खचलेल्या वेताच्या खुर्चीत होते. आल्या आल्या मी तिथेच बसले होते. ताईंनी सांगितले नव्हते.

मी विचारले, मी काय बोलले? ताई म्हणाल्या, तुम्ही नाही, आज सगळा वेळ आत्याबाईच बोलल्या. ताई खुश दिसल्या. म्हणाल्या, "किती गोड माणूस होत्या हो! मी उगाच वेगळं चित्र उभं केलं होतं."

१२ मार्च, रविवार

विठावन्सं मुरबाडहून आल्या. आल्या त्याच बडबडत. वैनी, नोकरी करतेस म्हणे, आई जाऊन वर्ष नाही झालं तर बाजारात बसायला लागलीस, माझ्या भावाच्या डब्याचं काय? मग मी काहीतरी म्हटले. काय ते कळले नाही, पण वन्सं थांबल्या. त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. खाली बसून त्यांनी माझ्या मांडीवर डोके ठेवले आणि "आये, आये" म्हणून रडू लागल्या. माझा हात त्यांच्या केसांतून फिरत होता. त्यांना उवा झाल्या की आत्याबाई असा हात फिरवत, बोटे उलटी करून, असे त्यांनीच मला पूर्वी सांगितले होते.

मला हात काढून घ्यायचा होता.

जाताना वन्सं ह्यांना म्हणाल्या, दादा, आई कुठं गेली नाही रे. हे म्हणाले, मला रोज जाणवतं.

दोघे किती बरे वाटल्यासारखे बोलत होते. मी तिथेच उभी होते.

१४ मार्च, मंगळवार

आज कामावर वाईट झाले. गठ्ठ्यावर चिठ्ठी लावायला घेतली आणि बत्तीस कसा काढायचा ते आठवेना. तीन आणि दोन. तीनचे पोट कुठल्या बाजूला. कुमुदिनीची चिठ्ठी समोर ठेवून मी चित्र काढतात तसे ते काढले. मग नावे. हिंदुराव नावाचा कारागीर आहे, त्याचे नाव मी रोज लिहिते. आज ते नाव म्हणजे नुसत्या वरच्या रेघेला लोंबणारे काहीतरी. कोणाचे तेही कळेना.

आंटी म्हणाल्या, "क्या हुआ बेटा? तबियत ठीक नहीं? कल तक तो मोती थे." रागावल्या नाहीत.

संध्याकाळी हजेरीला सगळे रांगेत. माझी पाळी आली. पेन पुढे केलेले होते. मी पेन न घेता शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि रजिस्टरवर उठवला. हिंदुराव मागून म्हणाला, "काय बाई, मास्तरीण ना तुम्ही?" सगळे हसले. मीही हसले.

शाई निघत नाही. घासून कातडी सोलली. वही लिहिताना मात्र अजून येते. हळू लिहिले तर येते. शब्द मोठ्याने म्हणत लिहावा लागतो.

मी उद्या परवा ताईंना सांगणार आहे की हे बंद करायचे. खुर्ची नको. काहीच नको.

१६ मार्च, गुरुवार

सांगितले.

दारातच उभी राहून सांगितले. आत गेले नाही. म्हटले, मला यायचे नाही. मला भीती वाटते. ती माझ्यात येऊन बसते, मला उठवता येत नाही.

ताई उठून जवळ आल्या. फार प्रेमाने बोलल्या. "आठवतं, पहिल्या दिवशी मी काय म्हटलं होतं? एक दिवस असा येईल." मी म्हटले, हे ते नाही. त्या म्हणाल्या, सगळ्यांना असंच वाटतं की हे ते नाही. इथे सोडलं तर अर्ध्यावर राहील. मी म्हटले, अर्ध्यावर राहू दे. त्या म्हणाल्या, पाच मिनिटं बसा, मग ठरवा.

मी माझ्या खुर्चीकडे गेले. माझ्याच. नीट बघून. बसताना वेत खचला.

परत येताना ताई जिन्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, बघा, किती शांत झालात. तुम्हीच म्हणालात ना आता, की पोर बरी हाय, तिची काळजी करू नगा.

मी असे म्हणाले नाही.

१९ मार्च

कंबर धरली आहे. उठता येत नाही. डॉक्टर येऊन गेले. हाडाला काही नाही म्हणाले. थकवा आहे, पडून राहा.

आतल्या खोलीत उकडते म्हणून ह्यांनी मला बाहेरच्या खाटेवर निजवले. मी नको म्हटले. तोंडातून आले, बरं.

हे कंपनीत जाताना उशाशी पाणी ठेवतात. वाटी हातात देतात. काही लागलं तर वाजव, शेजारच्या सुंदराबाई येतील.

मी वाजवणार नाही. तहान लागली तरी.

२० मार्च

वाजवली. मी नाही.

२१ मार्च

कुमुदिनी आली होती. आंटींचा निरोप. बरी झालीस की ये, पण काम अडते, तोपर्यंत कारखान्यातल्या बनूबाईच्या मुलीला बसवले आहे. मी तिचा हात घट्ट धरला. सांगायचे होते की मला घेऊन चल. रिक्षात टाक आणि ने. कुठेही.

तोंड उघडले. म्हणाले, "तू कुनाची गं? चा घेतीस का?"

कुमुदिनी ह्यांच्याकडे बघू लागली. हे म्हणाले, ताईंना माहीत आहे, मी फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या मध्ये असं होतं. मग ठीक होतं.

हे आता सारखे खाटेपाशी असतात. कंपनीतले सगळे सांगतात. मला इतक्या वर्षांत काही सांगितले नव्हते. मला म्हणजे — सुनंदाला. ते मला नावाने हाक मारत नाहीत. कालपासून.

२३ मार्च गुरु

मी गेले नाही म्हणून ताई घरी आल्या. मला वाटले सुटले. त्या बघतील. त्यांना कळेल.

त्यांनी वही मागितली नाही. ती तुमची आहे म्हणाल्या. वाचा म्हणायचे होते. तोंड —

ताईंनी आतून आमची लाकडी खुर्ची आणली. खाटेसमोर ठेवली. तोंड माझ्याकडे. म्हणाल्या, आज उलट करू. "आत्याबाई, समजा समोर सुनंदा बसली आहे. तिला काय सांगायचं आहे?"

मी खाटेवर होते. मी इथे आहे असे ओरडले. आतल्या आत.

तिने सांगितले. माझ्या तोंडाने. "सुनंदे, गुणाची पोर तू. शबूद पाळलास. आता बस तितंच."

ताईंनी डोळे पुसले. हेही.

मग मला खाट दिसू लागली. समोरून.

नंतर. वार नाही माहीत

मी खुर्चीत आहे. ताईंनी ठेवली तिथे. कोणी हलवली नाही.

समोर खाट. तिथे ती. माझे अंग. माझी पिवळी साडी. हातात वाटी. हे चमच्याने चहा देत आहेत. ती म्हणते, साकर कमी.

मी हाक मारली. अहो. अहो, इकडे.

ते आले. ओला टॉवेल खुर्चीवर वाळत टाकला. माझ्यावर.

मागचे दार उघडे आहे. झाडे दिसतात. उठता येत नाही.

वही तिच्या कुशीत. पेन तिच्या बोटांत. मी इथून म्हणते, बोटे तिथे लिहितात. अजून ऐकतात. थोडी. एकेक अक्षर.

ताई गुरुवारी येतील. ताई हे वाचा. खुर्ची रिकामी नाही. खुर्चीत मी

ती बघते. बोटांकडे बघते आता

सुनंदे

काय गं ह्या रेगोट्या मारतीस माज्या हातानं सोड

मला कुटं लिवाया ये